बाप्पाच्या गाडीवरचा तंबू

परवा परत आले तेव्हा सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, कुठे गेला होतात? मी म्हटलं, कळंबोली, द्रोणागिरी आणि चिरनेर. त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. पनवेलच्या खांदा कॉलनीतून लोक लडाखला जातात, गेला बाजार गोव्याला तरी जातात. ही बाई आठवडाभर स्कूटरने जाऊन येण्यासारख्या ठिकाणी हिंडली आणि वर त्याला प्रवास म्हणते! म्हणते खरी. लांबलांबचे रस्ते मी पुष्कळ पाहिलेत, पण इतका घाम कुठल्याच रस्त्याने काढला नव्हता.

आधी तंबूचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. आमच्या गाडीच्या टपावर एक तंबू आहे. बंद असला की मोठ्या पेटीसारखा दिसतो. कुलूप काढून ढकलला की उभा राहतो, आत गादी असते, आणि चढायला एक शिडी खाली सोडायची. मी शाळेत पी.टी. शिकवायचे, अविनाश, म्हणजे माझा नवरा, बंदराकडच्या एका कंपनीत होता. निवृत्त झाल्यावर दोघांनी हौसेने हा तंबू घेतला आणि आंबोलीपासून हंपीपर्यंत जमेल तिथे जाऊन टपावर झोपलो. मग गेल्या पावसाळ्यात अविनाश जिन्यात घसरला आणि त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन चालायला लागला, पण टपाची शिडी चढायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. जमिनीवर तंबू लावावा तर खाली बसलेल्या माणसाला वर उठता येत नाही.

एक दिवस त्याने जाहीर केलं, "मला आता त्या तंबूचा कंटाळा आलाय, सुनंदा. हॉटेलात राहू की माणसासारखं." आणि मला न विचारता तंबू विकायला काढला. पुण्याचा कोणी गृहस्थ रविवारी बघायला येणार, इथपर्यंत मजल गेली होती.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "त्यांना पुढच्या रविवारी बोलाव. तोवर मी हा तंबू कमरेएवढ्या उंचीवर लावून दाखवते. गाडीच्या मागे एक छोटा ट्रेलर जोडायचा, त्यावर तंबू. दोन-तीन पायऱ्या चढल्या की आत. नाही जमलं तर मी स्वतः तंबू पुसून त्यांच्या हवाली करीन."

"तू हट्टी आहेस," तो म्हणाला.

"आहेच," मी म्हटलं आणि गाडीची किल्ली उचलली.

कळंबोली

तयार कॅम्पिंग ट्रेलर मिळतात. मी फोनवर पाहिले. ओटा, फ्रिज, दिवे, वर ताणायची कनात. तेवढ्या किमतीत माझ्या माहेरी, कराडला, एक खोली बांधून झाली असती. आम्हाला ओटा नको होता, फ्रिज नको होता. चार गोष्टी हव्या होत्या: बसका, हलका, कागदपत्रं धड असलेला आणि पेन्शनीत बसणारा. हे सगळं एकत्र मागणं म्हणजे काय असतं ते मला कळंबोलीत समजलं.

तिथे ट्रकच्या बॉड्या बांधतात. ओळीने शेड, जिकडेतिकडे वेल्डिंगचा निळा उजेड आणि लोखंड कापण्याचा असा आवाज की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येऊ नये. एका मालकाने मोठ्या उत्साहाने खुर्ची दिली, चहा मागवला.

"बना देंगे मॅडम. एकदम मजबूत. पाच टन माल टाका, वाकणार नाही."

"माल म्हणजे आम्ही दोघं," मी म्हटलं. "आणि एक गादी."

"आज दोघं आहात. माल वाढतोच, मॅडम."

साठीच्या बाईला हे! मी चहा संपवला. त्याने नमुना म्हणून दाखवलेला लोखंडी अँगल मला दोन्ही हातांनी उचलवला नाही. असल्या लोखंडाचा ट्रेलर आमच्या गाडीने ओढला असता की ट्रेलरने गाडीला मागे ओढलं असतं, सांगता येत नाही. आणखी चार शेड पालथ्या घातल्या. प्रत्येकाला मजबूत करायचं होतं, हलकं कोणालाच करायचं नव्हतं. ट्रक बांधणाऱ्या हाताला हलकं म्हणजे कमी प्रतीचं वाटतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. अविनाश एवढा वेळ गाडीतच बसून होता. मी परत आले तेव्हा त्याने काय झालं एवढंही विचारलं नाही. त्या न विचारण्याचा मला फार राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली.

द्रोणागिरी

दुसऱ्या दिवशी उरणच्या दिशेने निघालो. रस्त्यावर पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आम्ही. द्रोणागिरीत जिकडे बघावं तिकडे गोदामं, आणि गोदामं संपली की जुनी यंत्रं, पत्रे, टायर विकणारी आवारं. अशा एका आवारात मला जनरेटर वाहून नेण्याची छोटी ट्रॉली दिसली. उंची हवी तेवढी, कागद चोख, किंमतही परवडणारी. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण पी.टी.च्या बाईला चाचणीशिवाय चैन पडत नाही. आवारवाल्याला म्हटलं, मी हिच्यावर बसते, तुम्ही तुमच्या जीपला जोडून एक चक्कर मारा.

पहिल्याच गतिरोधकाला मी हवेत गेले. खाली आले तेव्हा दात दातांवर आपटले आणि चप्पल मागे राहिली.

"मॅडम, रिकामी आहे म्हणून उडते," आवारवाला धावत येऊन म्हणाला. "वजन टाका, गप बसेल."

"किती वजन?"

"जनरेटरएवढं."

इतक्यात मागून हसण्याचा आवाज आला. अविनाश काठीवर रेलून उभा होता, माझी चप्पल हातात, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. ऑपरेशननंतर तो असा हसला नव्हता. मला पाठ चोळायची होती, पण मी चोळली नाही. त्याच क्षणी मी ठरवलं की आता मागे फिरायचं नाही.

दुपारी तिथल्याच एका खानावळीत जेवलो. गावातल्या दोन बायका चालवतात. तांदळाची पातळ, मऊ भाकरी, ओल्या बोंबलांचं तिखटजाळ आंबट, म्हणजे कालवण, आणि वर कांदा. आमच्याकडे घाटावर भाकरी म्हणजे ज्वारीची, तांदळाची भाकरी मी पनवेलला येईपर्यंत पाहिली नव्हती. आता ज्वारीची जड वाटते. समोरच्या बाकावर पांढऱ्या शुभ्र शर्टातला, गळ्यात जाड साखळी आणि पुढ्यात दोन फोन ठेवलेला माणूस आमचं बोलणं उघड उघड ऐकत होता. शेवटी त्याला राहवेना.

"म्याडम, तुमाला बसकी पायजे, हलकी पायजे, आणि दणका लागाया नको. बरोबर?"

"बरोबर."

"अशी एकच गारी हाय. आमच्या गावात. पण ती इकायची नाय."

गाडीला इकडे गारी म्हणतात. मी म्हटलं, "विकायची नाही तर सांगताय कशाला?"

"बगायला काय जातंय?" तो म्हणाला आणि आमच्या भाकऱ्यांचे पैसेही देऊन मोकळा झाला. त्याचं नाव हिराजी. बापाची मिठागराची जमीन प्रकल्पात गेली, आता गोदामांना माल चढवायला-उतरवायला माणसं पुरवतो.

चिरनेरच्या अलीकडे

चिरनेर म्हटलं की इकडच्या माणसाला जंगल सत्याग्रह आठवतो. हुतात्म्यांच्या स्मारकापाशी आम्ही थांबलो, हात जोडले आणि हिराजीच्या मागोमाग अलीकडच्या एका पाड्याकडे वळलो. मागे अक्कादेवीचा डोंगर, पुढे वालाची शेतं, आणि शेतांच्या कडेला तीन मजली बंगले. समाजमंदिराच्या मागे पत्र्याखाली ती गारी उभी होती.

मी बघितली आणि मला हसूच आलं. चारी बाजूंना सोनेरी कठडा, रंगाचे पोपडे निघालेले, कोपऱ्यात थर्माकोलच्या कमळाची अर्धी पाकळी चिकटलेली, आणि मागच्या फळीवर ठसठशीत अक्षरांत 'गणपती बाप्पा मोरया'. गावच्या मंडळाची मूर्ती पेणहून आणायची ही ट्रॉली.

"एका साली टेम्पोतून आनताना खड्ड्यात बाप्पाचा हात तुटला," हिराजी सांगू लागला. "गाव रडला म्याडम, खोटं नाय सांगत. मग आमी ही मुद्दाम करून घेतली. स्प्रिंगा नरम, कारण माल नाजूक. बसकी, कारण वरती विजेच्या तारा. आनि कागद सगळे, कारण मिरवणुकीत पोलीस आदी कागद मागतान. हिच्यावरून आनलेल्या मूर्तीच्या बोटालाबी चीर नाय गेली."

मग पडून का आहे, मी विचारलं. मूर्ती मोठी झाली, आता भाड्याचा मोठा ट्रक लागतो. माझे वडील कराडला गणपती मांडीवर घेऊन, वर रुमाल टाकून, पायी घेऊन यायचे. रस्त्यात कोणी हाक मारली तरी बोलायचे नाहीत. इथे बाप्पा येतो तो डीजेच्या भिंतीमागून. पण मूर्तीला धक्का लागू नये म्हणून जीव टाकणं दोन्हीकडे सारखंच.

मी ट्रॉलीवर चढून उड्या मारल्या. माझ्या वयाच्या बाईला उड्या मारताना बघायला निम्मा पाडा जमला. स्प्रिंग अलगद खाली जायची, अलगद वर यायची. मला हीच हवी होती. मंडळाची माणसं तासाभरात विरघळली. पडून गंजण्यापेक्षा बरं, असं त्यांचंही मत पडलं. सौदा तोंडावर आला होता, आणि तेवढ्यात हिराजीची आई आली.

धर्मीआय. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, ताठ पाठ.

"तुमी हिचं काय करनार?"

"वर तंबू लावणार, आय. त्यात झोपणार."

"कोन झोपनार?"

"आम्ही दोघं."

बायकांनी तोंडाला पदर लावले. धर्मीआय हसली नाही. "जिथं देव बसला तिथं नवरा-बायको निजनार? पाय पसरून? नाय. गारी हलायची नाय."

मंडळाची मघाची शूर माणसं एकदम जमिनीकडे बघू लागली. मी वाद घातला. लोखंड आहे, आय. देव काय वर्षभर ट्रॉलीत बसून राहतो का? नुसती सडते आहे. मी बोलत गेले आणि ती नुसतं नाय म्हणत गेली. तिच्या तोंडचं नाय ऐकून माझ्या लक्षात आलं की माझ्याइतकी हट्टी बाई मला आज पहिल्यांदा भेटली आहे.

अविनाश कधी गाडीतून उतरून आला कळलं नाही. काठी टेकत तो तिच्यासमोर उभा राहिला.

"आय, घरचा गणपती विसर्जन केल्यावर पाट परत आणता ना? त्याचं काय करता?"

"त्यावं बसून जेवताव," ती म्हणाली आणि लगेच पुढे म्हणाली, "बसताव. निजत नाय."

लोक हसले. मला वाटलं, संपलं. अविनाशही थोडा हसला आणि मग असं काही बोलला जे तो माझ्याशी इतक्या महिन्यांत बोलला नव्हता.

"आय, मला वरची शिडी चढवत नाही. जमिनीवर बसलो तर कोणीतरी काखेत हात घालून उठवावं लागतं. हिला मी सांगितलं की मला तंबूचा कंटाळा आला. खोटं सांगितलं. मला रोज रात्री वाटतं की बाहेर झोपावं. पण बाहेर जाऊन हिने मला उचलायचं, लोकांनी बघायचं, ते मला नको होतं. म्हणून तंबूच विकत होतो. ही गाडी मधल्या उंचीची आहे. एवढंच."

  लग्नाला इतकी वर्षं झाली आणि ही गोष्ट मला एका परक्या अंगणात, परक्या बाईला सांगितलेली ऐकावी लागली. मला त्याला तिथेच मिठी मारावीशी वाटली आणि एक धपाटाही घालावासा वाटला.

धर्मीआयने पुढे होऊन ट्रॉलीच्या कठड्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "उत्तरपूजा करताव का नाय आपन? अक्षता टाकून मूर्ती जागची हलवली की देव गेला. मग तिला पान्यात सोरताव. मूर्तीची उत्तरपूजा दर साली केली. गारीची कोनी केलीच नाय. ती आज करू. मग निजा. पन डोकी तिकडं करायची, जिथं बाप्पा बसायचा. पाय दुसरीकडं."

तिने हळदकुंकू आणलं. ट्रॉलीच्या दांड्यावर लावलं, अक्षता टाकल्या, डोळे मिटून काही पुटपुटली आणि म्हणाली, "हलवा."

हिराजीने आणि दोघांनी जोर लावला. ट्रॉली हलली नाही. आणखी चौघे आले. तरी नाही. कोणीतरी हळूच म्हणालं, "देव उठत नाय." तो शब्द क्षणात सगळ्यांच्या तोंडी झाला. माणसांनी हात काढून घेतले. धर्मीआयचा चेहरा पडला. अविनाश म्हणाला, "राहू दे, सुनंदा. चल."

राहू दे? मी सरळ मातीत गुडघे टेकले आणि ट्रॉलीखाली डोकं घातलं. कधी काळी मंडळाच्याच कोणीतरी ती घरंगळू नये म्हणून चाकांमागे विटा ठोकल्या होत्या. वर पावसाळ्यांची माती बसली, मातीवर गवत आलं आणि विटा ज्याने लावल्या तोही विसरला. मी दगडाने ठोकून ठोकून एक वीट बाहेर काढली आणि वर धरली.

"हा बघा तुमचा देव!"

असं बोलायला नको होतं, पण बोलून गेले. धर्मीआयने कपाळाला हात लावला आणि मग ती जी हसली, ती पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. बाकीच्या विटा गावाने काढल्या. ट्रॉली पाऊलभर सरकली आणि सगळ्यांनी सवयीने 'मोरया' म्हटलं.

वीट काढणं सोपं होतं. पुढचं माझ्या फजितीचं. पनवेलला गाडीला ओढण्याचा हूक बसवून आणला, ट्रॉली जोडली आणि अरुंद गल्लीतून मागे घ्यायला लागले. जोडलेली गाडी मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रॉली उजवीकडे जाते, हे कोणी सांगून समजत नाही. निम्मा पाडा डावीकडे ओरडत होता, निम्मा उजवीकडे, आणि मी एका घराच्या तुळशीच्या दिशेने निघाले होते. शेवटी हिराजीच्या माणसांनी ट्रॉली सोडवली आणि हाताने फिरवून दिली. मी आठवडाभर मोकळ्या मैदानात सराव करीन असं जाहीर केलं. त्याला कोणी हरकत घेतली नाही.

वालाच्या शेतात

गावात खिडक्यांची ग्रिल बनवणारा एक जण होता. त्याने सोनेरी कठड्याच्या आत हलक्या पाइपची चौकट आणि मागे तीन पायऱ्यांची शिडी बसवून दिली. शनिवारी टपावरून तंबू उतरवून तिच्यावर चढवला. धर्मीआय म्हणाली, पहिली रात आमच्या शेतात काढा, मग काय ती दुनिया हिंडा.

संध्याकाळी शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, कोंबडीचे तुकडे. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. आम्ही घाटावर हुरडा खातो आणि त्याचा अभिमान बाळगतो. मी बोटं चाटत चाटत तो अभिमान थोडा कमी केला.

जेवणाआधी मी तंबूत चढून दाखवायला गेले. घाईत ट्रॉलीच्या कोपऱ्यांचे टेकू खाली सोडायला विसरले होते. मी मागच्या बाजूला बसले मात्र, ट्रॉलीचं नाक वर आणि माझ्यासकट शेपूट जमिनीवर! शेंगा सोलणाऱ्या बायकांची करमणूक झाली. टेकू लावले, स्वतः हलवून पाहिले, पुन्हा पाहिले आणि मग अविनाशला म्हटलं, "चल."

काठी त्याने हिराजीकडे दिली. मी मागे उभी राहून हात पुढे केले.

"हात नको," तो म्हणाला.

मी हात मागे घेतले. पहिली पायरी, मग तो थांबला. दुसऱ्या पायरीला पाय थरथरला. मी ओठ इतका चावला की मिठाची चव आली. तिसऱ्या पायरीवरून त्याने वळून गादीच्या कडेवर अंग टेकलं, पाय आत घेतले आणि तिथूनच खिशातला फोन काढून पुण्याच्या गृहस्थांना कळवलं की तंबू विकायचा नाही. मंडळी शेकोटीकडे परत गेली. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, ते फार बरं केलं.

आम्ही लवकर झोपलो. डोकी बाप्पाच्या बाजूला, पाय दुसरीकडे.

सकाळी जाग आली तर शेजारची जागा रिकामी.  चढणं एक वेळ जमेल, पण खुबा बदललेल्या माणसाला शिडी उतरणं महाकठीण, आणि घरी पलंगावरून उठतानासुद्धा तो मला हाक मारायचा. मी धडपडत झिप उघडली. खाली कुठे पडलेला दिसतो या भीतीने आधी जमिनीकडेच पाहिलं. तो तिथे नव्हता. पलीकडे बांधावर काठी टेकून उभा होता, धर्मीआयशी वालाच्या पिकाबद्दल बोलत. धुकं होतं, त्याने माझी शाल अंगावर घेतली होती.

"तुला उतरवलं कोणी?" मी ओरडले.

"कोणी म्हणजे? मीच उतरलो."

"मला उठवायचं नाही का?"

"तू झोपली होतीस," तो म्हणाला.

मी झिप ओढून घेतली आणि आत बसून मनसोक्त रडले. शाळेत मुलींना सांगायचे, रडायचं नाही, आधी पळायचं. त्या सकाळी मी काही पळाले नाही. थोड्या वेळाने ट्रॉलीच्या फळीवर टकटक झाली.

"चहा झालाय," बाहेरून अविनाश विचारत होता. "तू खाली येतेस, की मी वर घेऊन येऊ?"

मी डोळे पुसले, आवाज नीट केला आणि म्हटलं, "वर आण."